टोपीवाली

८ नोव्हें., वरठी स्टेशन
हावड्याची गाडी लेट. पल्लवीनं कोलकात्यात मुलगा पसंत केलाय, जॉन. चिनी. तिथलाच, चार पिढ्यांचा, पण चिनीच. जमू नये असंच मनात आहे. पोरीला तोंडावर सांगून झालंय. तरी बॅगेत टोपी-शेला घेतलाय. सानगडीची माणसं रिकाम्या हातानं आली असं कोणी म्हणायला नको.

१० नोव्हें., कोलकाता
सकाळी टिरेटा बाजार. जुना चिनी मोहल्ला. फुटपाथवर वाफाळती भांडी, लोक उभ्यानं खातायत. कशात काय असेल कोण जाणे, मी नुसता चहा. हे तीन पाव चापून मोकळे. "मस्त आहे वो, खाऊन तं पाय."

जॉनच्या घरचा जिना अंधारा, दाराला लाल कागद, आत उदबत्त्यांचा धूर. इथे राहणार माझी पोर? जॉनच्या आईनं हात धरून बसवलं. हिंदी छान बोलते. आजोबा खुर्चीत, नव्वदीचे, नुसती हाडं. मला बघून हसले.

मीच ह्यांना खुणावलं. आजोबांना कुंकू लावलं, ह्यांनी त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी घातली, खांद्यावर पांढरा शेला. थोरल्याचा मान आपल्याकडे असाच. जॉनच्या आईचा चेहरा उतरला.

निघताना जिन्यात पल्लवी, "आई वो, त्याइच्यात पांढरं मयताले असते!"



११ नोव्हें.
आजोबांना पहाटे दवाखान्यात नेलं. दम लागला.

हे म्हणतात, "काहून भेतेस? टोपीनं कोनी बिमार पडते का?" खरंय. पण त्या घरात असं कोण म्हणणार? आणि पल्लवी? तिला वाटेल, आईनं मुद्दाम केलं. काल जिन्यानंतर बोललीच नाही. फोन उचलत नाही.

मोडावं म्हणून आले होते. आता मोडेल म्हणून सारखी पोरीला फोन लावतेय.

१२ नोव्हें., लॉज
जॉनच्या आईचा फोन. "बाबूजी टोपीवाली को बुला रहे हैं. आ जाइए." कशाला, ते बोलली नाही. आवाजावरून काही कळेना. विचारायची हिंमत झाली नाही.

हे रिक्षा बघायला गेलेत. मी बॅग उपसून बसलेय. त्यांच्यात शुभाला लाल असावं, दारालाही लालच कागद होता. लाल असं काही न्यावं म्हटलं, तर पोलकंसुद्धा नाही. गावाहून निघताना लग्नाच्या घरी जातोय असं मानलंच नव्हतं, मग आणणार कुठून? लाल म्हणायला कुंकवाची डबी तेवढी. पदराला बांधलीय. गाठ नीट बसत नाही. खाली रिक्षा आली.