त्रेसष्टावा फोटो

अहो,

वालाचं बिरडं कढईत हाय, भाकऱ्या टोपलीत. मी हमरापूरला दादाकडे गणपती रंगवायला चालले, शनिवारी येईन. एसटीनं जातेय, म्हणजे स्टेशनावर सोडायला यायची तसदी नको.

रविवारी पोर नोकरीसाठी पहिल्यांदा घर सोडून मंगळूरला गेली. गाडीला विजेच्या इंजिनाऐवजी डिझेल लागलेलं दिसलं, आणि तुम्ही तिची बॅग माझ्या हातात कोंबून कॅमेरा घेऊन पुढे पळालात. गाडी सुटली तरी परत आला नाय. किमया डब्याच्या दारात उभी राहून विचारत होती, "बाबा कुठायत?" मी काय सांगू तिला?

म्हटलं, लांबून तरी तिचा फोटो काढला असेल. आज कॅमेरा उघडून बघितला. त्रेसष्ट फोटो! बासष्ट नुसत्या इंजिनाचे. समोरून, बाजूनं, नंबरासकट. त्रेसष्टाव्यात इंजिन तुमच्याकडे येतंय आणि मागे सातव्या डब्याच्या दारातून वाकून पोर हात हलवतेय. माझ्याकडे नाय, तुमच्याकडे. तुम्हाला ती दिसलीसुद्धा नसेल.

मोबाईलवर त्याचाच फोटो काढून तिला पाठवला. वाटलं, चिडेल, चांगलं सुनावेल तुम्हाला. तर उलट मलाच विचारते, "बाबांना इंजिन नीट मिळालं ना गं?"

धाटावच्या कंपनीतून आलात की कपडे बदलायच्या आधी तिला फोन करा. आणि निदान पहिली पाच मिनिटं इंजिनाचं नाव काढू नका.

सगुणा