लाय म्हणजे पडून राहायचं

प्रिय आण्णा,

काल सातवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, लाय म्हणजे खोटं बोलणं की आडवं पडणं?" दोन्ही अर्थ होतात, वाक्यावरून ओळखायचं, इतकं साधं उत्तर. पण मी खडू हातात धरून फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले.

मिरजेच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते? डॉक्टर तुमच्या खाटेपाशीच इंग्रजीत मला विचारत होते, कॅन्सरचं पेशंटला सांगितलंय का. मी इंग्रजीतच म्हणाले, नाही, एक व्हाइट लाय सांगून ठेवलीय. माणसाच्या भल्यासाठी बोललेलं खोटं! तुम्ही छताकडं बघत होता. मला वाटलं, तुमचं लक्ष नाही.

डॉक्टर गेले आणि तुम्ही विचारलंत, "सुले, लाय म्हंजी काय गं?"

"पडून राहायचं, आण्णा. विश्रांती."

"आन् व्हाइट?"

"पांढऱ्या चादरीवर. दवाखान्यात तसंच म्हणतात."

किती पटकन सुचलं मला!

कोरेगावला घरी आल्यावर भेटायला येईल त्याला तुम्ही सांगायचात, "डाक्टरनी व्हाइट लाय सांगितलंय मला. आमची सुली इंग्रजीची बाई हाय, तिनंच अर्थ सांगितला." पोस्टातले निवृत्त मोरेकाका ते ऐकून एकदा माझ्याकडं नुसते बघत राहिले. मी कपबश्या उचलून आत पळाले.

मग एका सकाळी तुम्ही म्हणालात, "कोयनेला जाऊन यावं म्हणतो. तात्याला बघावं."

तात्या, तुमचा धाकटा भाऊ. आजी कोयनानगरला त्यांच्याकडं आजारी होती, ते त्यांनी तुमच्यापासून लपवलं. उगाच तुम्हाला घोर नको म्हणून. तुम्ही पोचलात तेव्हा सगळं आटोपलं होतं. "खरं सांगितलं आसतंस तर आईचं तोंड तरी बघितलं आसतं," एवढं म्हणून तुम्ही माघारी आलात, ते कित्येक वर्षं बोलला नाहीत. हे सगळं मला ठाऊक होतं, आण्णा. आणि तरी मी काय म्हणाले? "घाटातली वळणं सोसायची नाहीत. आधी बरे व्हा, मग मी नेते. तोवर फोन लावून देऊ का?"

"नगं. फोनवर कसलं आलंय बोलणं! आन् आसा पडलेला कशाला दावू त्याला? दोन म्हैन्यांनी जाऊ."

दोन महिने तुमच्याकडं नव्हते. हे घरात फक्त मला माहीत होतं.

तुम्ही तरी माझ्यावर इतका विश्वास का ठेवलात? रागावून एकदा विचारायचंत, "सुले, खरं सांग!" मग मी बोलले असते, असं मी मनाला समजावते. बोलले असते का? कुणास ठाऊक.

तीन आठवड्यांत तुम्ही गेलात. तात्या आले. तुमच्या पायांशी बसून म्हणाले, "शेवटपतूर राग सोडला न्हाई गं दादानं माझ्यावरचा." भोवती सगळे पाहुणे होते. मी मान खाली घातली आणि गप्प राहिले. तुमच्यादेखत, आण्णा! तात्या ते तसंच मनात घेऊन एसटीत बसले. जाताना किती म्हातारे दिसत होते.

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी करपू दिली. मग एवढंच म्हणाली, "मला बी न्हाई सांगितलंस?"

रविवारी पहिल्या गाडीनं मी कोयनेला जाते. तुमचा राग केव्हाच गेला होता, तुम्ही त्यांच्याकडं यायला निघाला होता, मी तुम्हाला अडवलं, हे तात्यांना सांगते. त्यांनी मला आत घेतलं नाही तर पायरीवर बसून सांगेन. पण सांगितल्याशिवाय माघारी येणार नाही.

तुमची,
सुली