शंभूनं गुण दिलेले राक्षस

२ जुलै, पाथरी
दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. यंदाचा विषय भय. म्हणाले, "ताई, प्रयोगशाळेत बनवलेल्या राक्षसांचे सिनेमे तुम्ही बघता म्हणे. खरं का?" खरं. "मग दोन मालिका घ्या, तुलना करा. वीस ऑगस्टपर्यंत द्या." हो म्हणून बसले.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं. हे सिनेमे मी एकटीनं कधी बघितलेलेच नाहीत. शंभूबरोबर, माझ्या लेकाबरोबर बघितले. परभणीच्या दवाखान्यात दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवायचं, चार-चार तास. मोबाइल उशीला टेकवायचा, इयरफोनचा एक कान त्याला, एक मला. गेला तेव्हा तेरा वर्षांचा होता. सहा वर्षं झाली.

३ जुलै
वही सापडली. पुढून गणित, मागून राक्षस. प्रत्येक भागाला दहापैकी गुण.

दोन मालिका धरते. खूण म्हणून, त. = तलाववाली. पाच भाग. एक कंपनी माशात माणसाचं बीज मिसळते आणि तो प्राणी धरणात सोडते. घ. = घरवाली. तीन भाग. एक शास्त्रज्ञ बाई स्वतःच्याच पेशीतून एक जीव वाढवते, मागच्या खोलीत कडी लावून ठेवते.

शंभूचे शेरे. त. भाग १: "९ गुण. दात दिसत नाहीत म्हणून भीती वाटते." त. भाग ४: "२ गुण. माशाला पंख कशाला?" घ. भाग १: "३ गुण. नुसतं रडणं." त्यातले तीन खोडून दहा केलेत. पेन वेगळं आहे. कधी केले?

६ जुलै
पालमहून अक्काचा फोन. माझ्या नवऱ्याची, शिवराजची थोरली बहीण, पण मी तिला लग्नाच्या आधीपासून ओळखते. माझ्या आत्याची लेक. मलाही अशीच आतेभावाला दिली. आमच्यात लेक आत्याच्या घरी जायची, ठरलेलंच. माझ्या लेकीच्या, गौरीच्या बारशाला अक्कानं पाळण्यात हात घालून सांगितलं होतं, ही माझ्या महेशची.

"श्रावणात कुंकू लावून घेऊ," म्हणाली. "महेशची नोकरी पक्की झाली. आता कशाची वाट बघायलाव?"

महेश पिंगळीला मास्तर आहे. गुणी मुलगा. गौरी तेवीसची. म्हटलं, शिवराजला विचारून सांगते.

"त्याला काय इचारतीस? माझाच भाऊ हाय तो."

हसले.

९ जुलै
त. आणि घ. मध्ये एक गोष्ट सारखी. दोन्हींत कपाटातली एक फाइल असते. नायिकेला ती शेवटी सापडते आणि कळतं की, असं होणार हे यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शंभू दर वेळी वैतागायचा. "आई, हे लोक फाइल जाळत का न्हाईत? एवढा मोठा कारखाना जाळतेत, फाइल तेवढी राहती!"

आमची फाइल लोखंडी कपाटात, खालच्या खणात. जाळली नाही.

थॅलेसेमिया. शंभू दीड वर्षाचा असताना डॉक्टरांनी विचारलं होतं, तुम्ही दोघं नात्यातले का? मग कागदावर काढून दाखवलं. दोघांच्यात दोष अर्धा अर्धा, आपल्याला काही होत नाही, पण मूल दोन्हीकडून अर्धं घेऊन आलं तर शंभू. चारात एक. आणि म्हणाले, मुलीचं लग्न ठरवाल तेव्हा तिचं आणि मुलाचं रक्त आधी तपासा. नात्यात देणार असाल तर सोडूच नका.

आम्ही गावाला, पाहुण्यांना, अक्कालासुद्धा सांगितलं: लहानपणी कावीळ झाली, ती उलटली, तेव्हापासून रक्त कमी पडतं. डोळे पिवळे असायचेच, सगळ्यांना पटलं. खरं सांगितलं असतं तर गौरीला कोण करून घेणार होतं? हे वाक्य मीच तयार केलं होतं. शिवराजकडून पाठ करून घेतलं होतं.

१२ जुलै
दुकान बंद करून शिवराज जेवायला बसला, तेव्हा रक्त तपासायचं काढलं. त्याचा घास थांबला.

"सहा वर्सं झाली. आता उकरून काय काढायलीस?"

"गौरीचं लेकरू—"

"झालं तर बघू. आता लय औषधं निघालीत."

"निघाली असती तर..."

तो ताट सारून उठला. दारात थांबून म्हणाला, "अक्का मला तोंड दाखवायची न्हाई. आईच्या माघारी तिनंच वाढवलं मला." मग आतून नळाचा आवाज, बराच वेळ. त्याला रडताना कुणी बघितलेलं चालत नाही.

त.चा दुसरा भाग लावला होता दुपारी. चिखलातून हात वर येतो तिथं बंद केला. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. शंभूलाही तसंच. तो भाग मला आता बघवणार नाही. लेखात तो सोडून लिहीन.

१६ जुलै
गौरीला सांगितलं. ती मेडिकलमधून आली होती, चहा ओतत होती. ओतत राहिली.

"आई, मी औषधं विकते. डी.फार्म. केलंय. शंभूच्या गोळ्यांचं नाव मला पहिल्या वर्षालाच वर्गात शिकवलं."

चार वर्षं माहीत होतं तिला.

"मग बोलली का न्हाईस?"

"तू बोललीस का?" मग खाली बघत, "मला महेश पाहिजे होता. बोलले असते तर तुमी तपासा म्हणला असता."

आईसारखीच निघाली. कुशीत घेऊन बसले. तेवीस वर्षांची पोरगी, हाडं टोचत होती.

उद्या रक्त द्यायला परभणीला जाते म्हणाली. एकटी. मी नको.

२२ जुलै
गौरीचा रिपोर्ट. वाहक. म्हणजे आमच्यासारखीच, अर्धी.

डॉक्टरांनी नवीन काही सांगितलं नाही. मुलगा वाहक नसेल तर बिनघोर करा. असेल तर विचार करा, पोटातल्या बाळाचीही तपासणी करता येते, पण ते सगळं आधी माहीत पाहिजे.

म्हणजे आता महेशचं रक्त. आणि ते मागायचं तर कावीळ मागं घ्यावी लागणार.

२७ जुलै
लेख थोडा सरकला. त.मधला प्राणी एकदम मोठाच दिसतो. त्याला बालपण नाही. म्हणून त्याची कीव येत नाही, प्रत्येक भागात आकार वाढवावा लागतो, शेवटी पंख लावावे लागतात. आपल्याला एकच काळजी: हा आपलं काय करेल? घ.मध्ये जीव रांगतो, चुकीच्या जागी दात येतात, ताप येतो. तिथं काळजी उलटी: आपण याचं काय करून ठेवलं?

घ.चा पहिला भाग आज पूर्ण बघितला. एक प्रसंग मी पार विसरले होते. शेजारीण दार वाजवते, आत कसला आवाज येतोय विचारते. बाई म्हणते, कुत्रं आजारी आहे. कडीमागं तो जीव हे ऐकतो. थोडा थांबतो. आणि भुंकतो. नीट जमत नाही, पण भुंकतो. आईचं खोटं सावरायला.

इथंच शंभूनं तिनाचे दहा केले असणार. पहिल्यांदा बघितला तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. पुन्हा कधी बघितला, ते मला माहीत नाही. माझ्याशिवाय बघितला.

लिहवत नाही आज.

२ ऑगस्ट
पालमला जाऊन आले. एस.टी.नं, एकटी. शिवराज म्हणाला, "तू जा. मला न्हाई जमायचं." फाइल पिशवीत.

अक्कानं धपाटे केले होते. "ये गं. तारीख काढायला आलीस ना?" मी फाइल पुढं ठेवली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मीच सांगितलं, कागदावर काढून, डॉक्टरांसारखं. आधी तिला समजलं नाही. मग समजलं.

"म्हंजे माझ्या आईच्या रक्तात खोट व्हती म्हनतीस?"

"माझी आत्याच ना ती, अक्का. माझ्याही रक्तात तेच आलं."

बराच वेळ धपाट्याचा तुकडा मोडत बसली. मग एकदम म्हणाली, "आन् मी माळ घिऊन येत व्हते."

काविळीची माळ. कुठल्या कुठल्या गावाहून, काड्यांची. डोक्यावर ठेवायची, जसजशी कावीळ उतरते तशी माळ वाढत वाढत गळ्यात, पोटावर येते म्हणतात. दर वर्षी अक्का उपाशी जाऊन ती आणायची, शंभूच्या डोक्यावर स्वतः ठेवायची. मी बघत उभी असायची. आणि शंभू तिला म्हणायचा, "आत्या, वाढली बघ. लय वाढली!" अक्काचा चेहरा फुलायचा.

"माझ्यावर हसत असशील मनात," अक्का म्हणाली.

"न्हाई अक्का. कधीच न्हाई."

"हसली असतीस तरी बरं झालं असतं. हसता हसता खरं बोलली असतीस."

मी वाकून पाया पडले तर पाय मागं घेतले. महेशचं रक्त तपासायचं तेवढं म्हटलं. म्हणाली, "माझ्या पोराला काई न्हाई. जा तू. गाडी चुकंल."

८ ऑगस्ट
पालमहून काही नाही. शिवराज दुकानातून लवकर येतो, फोनकडं बघतो, बोलत नाही. महेशचे गौरीला नेहमीसारखे फोन. म्हणजे अक्कानं त्याला सांगितलेलं नाही.

गौरी म्हणाली, "मी सांगू का त्याला?" मी म्हटलं, थांब, आधी अक्काचं काय ते कळू दे.

थांब म्हटलं मी. पुन्हा.

१२ ऑगस्ट
अक्काचा फोन. आवाज अगदी सरळ. "तपासते. पन माझी एक अट. शाळंला कागद लागतोय असं सांगून नेते पोराला. रिपोर्ट मी घेनार, मीच कुनाकडून तरी वाचून घेनार. वाईट असला तर पत्रिका जमंना म्हनून मोडायचं. लेकरान्ला काई कळू द्यायचं न्हाई. दोगांच्या बी जल्माला डाग नको."

"अक्का, गौरीला तर—"

"तुजी लेक तू बघ. माज्या पोराला न्हाई सांगायचं. तुलाच तेवढं खोटं बोलता येतं का?"

कबूल केलं. काय करणार होते? शिवराजला सांगितलं तर त्यानं मोठा श्वास सोडला, जणू सगळं मिटलं.

गौरीलाही सांगितलं, सगळी अट. तिनं ऐकून घेतलं. "महेशच्या रक्ताचं काय ते महेश सोडून सगळ्यांना ठाऊक," एवढंच म्हणाली.

१८ ऑगस्ट
लेख पाठवला. संपादकांचा लगेच फोन. "छान, पण ताई, निकाल दिला नाही तुम्ही. कुठली मालिका जास्त भीतीदायक? वाचक विचारणार."

म्हटलं, घरवाली.

"तिच्यात तर तीन भागांत मिळून दोनच माणसं मरतात!"

म्हटलं, तिसऱ्या भागात बाई त्या जीवाला समोर बसवून सांगते की तू कोण आहेस, कशातून झालास, मी काय काय लपवलं. तो अंगावर येईल म्हणून आपण श्वास धरतो. तो येत नाही. विचारतो, अजून कुणाकुणाला माहीत आहे? त्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त भ्याले. ते म्हणाले, हे लिहा की. लिहून पाठवलं, चार ओळी.

शंभूनं त्या भागाला गुण दिलेले नाहीत. तो आला तेव्हा शंभू नव्हता.

२३ ऑगस्ट
दुपारी चारला अक्काचा फोन.

"आला रिपोर्ट. चांगला हाय. पोराला काई न्हाई. येत्या सोमवारी कुंकू लावून घेऊ."

शिवराज शेजारी उभा होता. खाली बसला, दोन्ही हात तोंडावर.

मी म्हटलं, "अक्का, कागदाचा फोटो पाठवतीस का? डॉक्टरांना एकदा दाखवू."

"माझ्या शब्दावर भरवसा न्हाई तुझा?"

सतरा-अठरा वर्षं तिनं माझ्या शब्दावर ठेवला. "आहे, अक्का," म्हटलं. फोन ठेवला. तिचा आवाज पुन्हा पुन्हा आठवून बघतेय. आनंदाचा होता का? अक्का आनंदात असली की भरभर बोलते. आज प्रत्येक शब्द सुटा होता. की मलाच तसं वाटलं. दमली असेल. पोराला काही नाही म्हटल्यावर माणूस गळून जातं, तसंही असेल.

सहाला गौरी आली. चपला काढता काढता, "काय म्हणाली आत्या?"

"चांगला आहे म्हणते."

"म्हणते?"

शिवराज माझ्याकडं बघायला लागला. तिनं पर्समधून फोन काढला आणि गच्चीवर गेली. वरून आधी तिचा आवाज येत होता, "महेश, मास्तर, बसून ऐक जरा." आता येत नाही. तो बोलत असेल. किंवा कुणीच बोलत नसेल.

पाऊण तास झाला. अजून खाली आलेली नाही.