शंभरातून सात

कुळगाव,
१२ ऑगस्ट १९५४

ती. स्व. दादास,

कुंदाचा साष्टांग नमस्कार. आईचे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक. लावणी आटोपली.

वहिनीला मुंबईच्या डॉक्टरांनी बरी ठरवलं, हे आईच्या कार्डावरून तुला कळलंच असेल. रविवारी तू तिला न्यायला येतोयस. ये, जरूर ये, पण तिला भुसावळला नेऊ नकोस. थांब, लगेच चिडू नकोस, आधी पुरतं वाच.

बाळ गेल्यापासून वहिनीचं चित्त थाऱ्यावर नाही. आमटीत दोनदा मीठ घालते, दूध डोळ्यांदेखत उतू गेलं तरी हलत नाही. आई म्हणायची, डोकं फिरलंय. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी तिला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णवावरच अडली. एक छोटीशी गोष्ट सांगितली, तीही तिला परत सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, "हे वेड नव्हे. मन खचलं की डोकंही मंद चालतं. औषध देतो. महिन्यानं पुन्हा हेच विचारून बघू."

मी पडले मास्तरीण! इन्स्पेक्टर शाळेत यायचे असले की पोरांकडून घोकून घेते, तसंच वहिनीकडून घेतलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. रडायची बिचारी, पण म्हणायची. सोमवारी धडाधड बोलली. गोष्टसुद्धा! डॉक्टर खूश. औषध बंद केलं, आता यायचं कारण नाही म्हणाले.

तिच्या भल्यासाठी केलं, असं आईला सांगितलंय. खोटं रे! मला कंटाळा आला होता, दादा. शाळेतून दमून यावं, तर ही भिंतीकडे तोंड करून बसलेली. ती पास झाली की तू घेऊन जाशील, एवढंच माझ्या मनात होतं. स्वतःची शिसारी येते मला.

तिकडे तू ड्यूटीवर गेलास की क्वार्टरमध्ये ती दिवसभर एकटी. म्हणून सांगते, रविवारी मुक्काम कर. सोमवारी तिला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ. मी माझ्या तोंडानं सगळं कबूल करते. डॉक्टरांना काय बोलायचं ते बोलू देत मला.

आकड्यांचं एक वेळ तू माफ करशील. पण डॉक्टरांनी पहिल्या खेपेला आणखी एक विचारलं होतं, "जगावंसं वाटतं ना, बाई?" तेव्हा वहिनी नुसती खाली बघत राहिली. या खेपेला चटकन "हो" म्हणाली. तेही मीच पाठ करून घेतलं होतं.

बहीण म्हणवत असेल तर तुझी,
कुंदा