तुटलेला इंच

४ मार्च
आले एकदाची स्वतःच्या घरात. दोन खोल्या, मागे अंधारी कोठी, पुढे चार पावलांचं अंगण. भिंतींना ओल आहे, फाटक लोंबतंय, तरी जीव रमला. सगळ्यांत आधी ह्यांची हत्यारपेटी आत ठेवली. ह्यांची सुतारकीत पस्तीस वर्षं गेली. हे रंधा मारायचे, मी शेजारी बसून मिळेल ते वाचायची. आता वाचनालयातून दुरुस्तीचं पुस्तक आणलंय. लेकीने तीन आठवडे दिलेत. तेवढ्यात घर राहण्याजोगं झालं नाही, तर मुकाट्याने तिच्याकडे जायचं.

७ मार्च
फाटकाला नव्या बिजागऱ्या बसवल्या. हार्डवेअरवाल्याने विचारलं, काकू, माणूस कोण लावलाय? मीच, म्हटलं. मग स्क्रू दुप्पट न्या, म्हणाला. मेल्याचं खरं ठरलं, निम्मे वाकले.
दुकानातून फळी कापून आणली, ती इंचभर लांब. चूक माझी. ह्यांच्या टेपचं टोक तुटलंय, पहिला इंच गेलाय. जे माप येईल त्यातून एक वजा करूनच हे लिहायचे. नवा टेप घ्या म्हटलं, की म्हणायचे, "एक वजा करता येत नाही का मला?"

१२ मार्च
पुढच्या खोलीचा फुगलेला गिलावा खरवडला, खड्ड्यांत पुट्टी भरली. हात भरून आलेत, पण भिंत गुळगुळीत झालीय. कोठीची मागची भिंत फळ्यांची आहे, ठोकली की पोकळ वाजते. दोन फळ्या काढल्या. आत एक माणूस उभा राहील एवढी जागा. रिकामी. फळ्या कोऱ्या आहेत, मांडणीला होतील.

१६ मार्च
दार अर्धं घासून दुपारी आडवी झाले. उठले तर पूर्ण घासलेलं. टेप पेटीबाहेर. कोठीतल्या एका फळीवर जाड पेन्सिलीने लिहिलेलं: ५ फूट १ इंच.
भ्यायला हवं होतं. मला हायसं वाटलं. हे गेल्यावर दोन वर्षांनी कुणी माझ्या कामाला हात लावला होता. फळीला विचारलं, चहा ठेवू का?

१९ मार्च
माझी उंची बरोबर पाच फूट. ह्यांच्या टेपवर पाच-एक भरते. ते आठवून हसले, फळीसमोर बोलूनही गेले, "अहो, एक वजा करायचा राहिला की."
बोलले आणि फळीवरचं माप पुन्हा वाचलं. हे कधीच विसरले नसते.
टेप ह्यांचा. हात ह्यांचा नाही.

२० मार्च
फळ्या परत ठोकल्या. दुपारी पाहिलं तर निघालेल्या, ओळीने मांडलेल्या. खिळे सरळ केलेले.
लेकीला फोन केला, येऊ नकोस, रंगाचा वास आहे. ती म्हणाली, बहाणे पुरेत आई, घर झालं नसेल तर तसं सांग.
मी म्हटलं, झालंय.
का म्हटलं?

२३ मार्च
लेक आणि नात आल्या. कोठीला कुलूप घातलंय. लेक भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, जिंकलीस बाई. कोठीचं सांगायला गेले आणि जेवायलाच वाढलं. जेवून दोघी पडल्यात. मी राखणीला बसलेय. डोळा लागता कामा —

दुपार
लागला.
नात दारात उभी. पाठभर भुसा. चार वर्षांची पोर, भ्यालेलीही नाही. म्हणाली, "आजी, आजोबांनी मला भिंतीला उभं केलं."
काय म्हणाले?
"काही नाही. लिहिलं."
कुलूप जमिनीवर. फळीवरचं ५-१ खोडलंय. वर ५-०. खाली ३-२.
दुकानातून आणलेल्या नव्या टेपने पोरीला मोजलं. तीन फूट दोन. बरोबर.
मीच शिकवलं त्याला —

लेकीला उठवलं. तुझ्याकडे येते, आत्ता, घर नको मला. ती चपला शोधतेय. फाटक उघडत नाही. बिजागऱ्या मीच — घट्ट —
लिहून ठेवते, कुणी शोधत आलं तर. नात माझ्या मांडीवर आहे. भिंतीतली पोकळी आमच्या मापाची करायला कोठीत रंधा चाललाय.

थांबला.
चपला शोधत कोठीत गेलेली लेक आतून हाक मारतेय. म्हणते, आई, या फळीवर माप कुणाचं, ये बघ, मी उभी राहते —
नको. सरळ उभी राहू नकोस. वाक, बाळा, वाक, खोटं माप दे, खो