वरची पणती

८ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा आली! मला वाटलं, उन्हाळ्यातच पिच्छा सुटला. पहाटे कूस बदलली आणि घर गरगर फिरायला लागलं. आढं खाली, खाट वर. उलटी झाली ती वेगळीच. ही उठून जवळ आली. म्हणाली, "एकदम उठू नका. देवाजवळची समई दिसते ना? तिच्याकडंच बघत राहा, डोळे हलवू नका." बघत राहिलो. थोड्या वेळानं थांबलं खरं.

देवीची पूजा उशिरा झाली. फुलं वाहायला वाकलो तर तोल गेला, गाभाऱ्याची चौकट धरली. कुणी पाहिलं नाही ते बरं झालं.

९ ऑक्टोबर

वाकू नये, वळू नये, वर बघू नये. मग पुजाऱ्यानं करावं तरी काय?

११ ऑक्टोबर, शनिवार

गावभर झालं! कुणी पाहिलं नाही म्हणतो मी — पुंजाजीनं पाहिलं होतं. हा पुंजाजी दर त्रिपुरीला दीपमाळेखाली उभा राहून मला तेलाची किटली दोरीला बांधून देतो. माणूस लाखाचा, पण तोंडात तीळ भिजत नाही. सकाळपासून जो तो औषध सांगतोय. कुणी म्हणतं धन्याचं पाणी, कुणी म्हणतं नजर लागली. पुंजाजी स्वतः म्हणाला, "म्हाराज, कांदा फोडून हुंगा." चातुर्मासात मला कांदा हुंगायला सांगतो! हाकलून दिला.

संध्याकाळी विश्वजीत आला. थोरल्या भावाचा मुलगा, देवळात अर्धी पाळी त्याची. बोलणं साखरेसारखं. "काका, यंदा त्रिपुरीला दीपमाळेवर लायटिंग सोडू. बाळापूरच्या मंडपवाल्याशी बोललो मी. तुमाला चढायची तकलीफच न्हाई." म्हटलं, मी मेलो काय? "तसं न्हाई काका, पण चक्कर—" चक्कर गेली खड्ड्यात! दीपमाळ वरून खाली पेटत येते. वरची पणती आधी, आणि ती हातानं. वडिलांनी पेटवली, मी पेटवतो. एकदा ते बल्ब चढले की पुढल्या वर्षी तेल-वात घेऊन कोण चढतंय? कायमचंच जाईल. कमिटीनं म्हणे त्याला "बघू" म्हटलंय. आमच्याकडं "बघू" म्हणजे ठरलंच.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हिनं वरच्या फळीवरचा डबा काढायला हाक मारली. मला! म्हटलं, अगं, चक्कर मला, आणि फळीवर हात मीच घालायचा? तुझे हात काय आखूड झाले? हिचं नेहमीचंच आहे हे. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा हिनं कमरेएवढी खाली बांधून घेतलीय, येता-जाता पायात येते. शेवटी एका हातानं भिंत धरून डबा काढला. दिवसभर धुसफुसत होतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

हिंगोलीला जाऊन आलो. "मी पण येते" म्हणून ही हटूनच बसली, नेली. कानाच्या डॉक्टरीणबाई वयानं अगदी लहान. त्यांनी माझी मान उजवीकडं वळवली आणि टेबलावर धाडकन आडवं केलं. आई गं! छत, पंखा, बाई — सगळं फिरायला लागलं. त्या माझ्या डोळ्यांत बघत शांतपणे म्हणतात, "उजवा कान."

कानात म्हणे बारीक बारीक खडे असतात. ते जागा सोडून भलतीकडं घरंगळले की मान हलवल्याबरोबर चक्कर येते. गोळ्यांनी खडे जागेवर जात नाहीत, व्यायामानं जातात. पलंगावर बसायचं, मान उजवीकडं, तसंच मागं पडायचं. फिरायचं थांबेपर्यंत थांबायचं. मग मान डावीकडं, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, आणि तिकडूनच उठायचं.

मी कसाबसा उठून बसतोय, तर ही मध्येच बाईंना विचारते, "डावा कान असला तर?" बाई म्हणाल्या, "मग सगळं उलट. शेवटी उजव्या कुशीवर." मी म्हटलं, माझा उजवा आहे ना, मग तुला नसत्या चौकशा कशाला?

१८ ऑक्टोबर, शनिवार

व्यायाम सुरू. मात्र मनाशी एक ठरवलं. डावीकडं वळायचं, डाव्या कुशीवरून उठायचं — हे आपल्याच्यानं होणार नाही. जन्मभर देवीभोवती उजवीकडून फिरलो. ओवाळतो उजवीकडून. सकाळी अंथरुणातून उठतो तेही उजव्या कुशीवर. त्या पोरीला काय माहीत असणार! म्हणून मी सुरुवात डावीकडं करतो आणि शेवट उजवीकडं. खडे इकडून गेले काय अन् तिकडून गेले काय, जागेवर बसल्याशी मतलब.

हिला सांगितलं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

लक्ष्मीपुढं वाकलो आणि कपाळ चौरंगावर आपटलं. लाह्या-बत्तासे घरभर.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काडीचा फरक नाही! रोज करतो, मन लावून करतो. कूस बदलायची म्हटलं तरी आधी पलंगाची कड धरतो. डॉक्टरीणबाई कच्च्याच आहेत. शिकल्या कुठं कुणास ठाऊक.

दुपारी दीपमाळेखाली जाऊन उभा राहिलो. वर पाहिलं — पुंजाजीनं धरलं म्हणून वाचलो. तिथं मंडपवाला माप घेऊन राहिला होता. विश्वजीत माझ्याकडं न बघता त्याला म्हणाला, "पार शेंड्यापर्यंत माळा सोडा." मला रडू आलं. खरंच आलं. या वयात, देवळासमोर, चार माणसांत! उपरण्यानं तोंड पुसत घरी आलो.

२७ ऑक्टोबर

सगळ्यांवर चिडून झालं. हिच्यावर, दूधवाल्यावर, देवीवर. आता कुणी उरलं नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पकडला गेलो! व्यायाम करत होतो, ही दारात. "अहो, तुमी उजवीकडं काहून वळून राहिले? बाईनं डावीकडं सांगितलं व्हतं." मग सांगितलं कारण. वाटलं, देवीचं नाव निघालं की हात जोडेल. कसलं काय! कमरेवर हात ठेवून म्हणाली, "औंढ्याला महादेवाभवती कसे फिरता? अर्ध्यातून उलटंच येता ना मागं? तवा पाप लागत न्हाई, अन् पलंगावर लागतं व्हय?"

खरंच की! महादेवाचं तीर्थ ज्या पन्हाळीतून जातं ती ओलांडायची नसते, म्हणून सगळेच तिथून उलटे फिरतात. मी स्वतः लोकांना ओरडून ओरडून मागं फिरवलंय. आणि स्वतःच्या डोक्याला काही कळलं नाही! घ्या, हे पुजारी!

मग हिनंच माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. उजवीकडं, मागं, थांबा. डावीकडं. आता कुशीवर. इतकं जोरात फिरलं की मी तिचं मनगट आवळलं. "थांबंल," म्हणाली. "जरा दम धरा, थांबतंच." थांबलं. म्हटलं, तुला हे इतकं बराबर कसं ध्यानात राहिलं? "बघितलं व्हतं नीट," म्हणाली आणि भाकरी टाकायला गेली.

३० ऑक्टोबर

कुशीवर वळलो. घर जागेवर!

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

मुद्दाम वळून पाहिलं. दोन्हीकडं. वाकलो, वर पाहिलं, गर्रकन मागं फिरलो. काही नाही! काहीच नाही! डॉक्टरीणबाईंची मनातल्या मनात माफी मागितली. पुंजाजीला बोलावून चहा पाजला. त्याला वाटतंय मी कांदा हुंगला.

२ नोव्हेंबर, रविवार

विश्वजीतला म्हटलं, मीच चढणार. "काका, नक्की ना? पडलात तर काकू मला जन्मभर बोल लावतील." तरी माळा सोडून ठेवणारच म्हणे. मी चढलो तर ठीक, नाही तर तो बटण दाबणार. दाब की. बघू कोण आधी.

५ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी

चढलो! दिवस बुडता बुडता. दीपमाळेचे बाहेर आलेले दगडी हात ओळखीचे, त्यांवर पाय आपोआप पडत गेले. मध्ये एकदा थांबलो, मुद्दाम मान वळवली. दीपमाळ हलली नाही. दोरीनं किटली वर ओढली, वात भिजवली, वरची पणती पेटवली. खालून "उदो! उदो!" विश्वजीतचेही हात वर. बटण तसंच राहिलं.

खाली पाहिलं. सगळ्या गावाची तोंडं वर. एक ही सोडून. पाराचा कठडा धरून जमिनीकडं बघत उभी. दर वर्षी असंच. कित्येक वर्षांत हिनं एकदाही वरची पणती पाहिली नाही. मी पडेन म्हणून भिते बिचारी, असं मी लोकांना हसत हसत सांगत आलो. आज मात्र वर बसल्या बसल्या राग आला. जिच्यामुळं चढलो, तिनं तरी बघायचं!

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी विचारलंच. परातीतून हात न काढता म्हणाली, "वर मान केली की मला फिरतं. थोरला पोटात व्हता तवापासून. बायकांला व्हतंच असं, म्हणाले सगळे."

कणीक तशीच ठेवायला लावली. हाताला धरून पलंगावर बसवली. विचारलं, कोणता कान?

"डावा," ती लगेच म्हणाली.