शेरा : येतो

३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस, आणि जेवणाच्या सुट्टीत मी मिलच्याच कॉम्प्युटरवर रोजनिशी लिहितोय. नीलमला कबूल केलंय, रोज चार ओळी लिहीन आणि डोहाळजेवणाला आलो की वाचून दाखवीन. डोहाळजेवण सोळाला, रविवारी, नंदुरबारला तिच्या माहेरी. तिचं एकच म्हणणं, ओटी भरताना मी समोर दिसलो पाहिजे. पहिलटकरीण आहे, तिचं ऐकावंच लागतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तिथे असायचंय.

मिल गुजरातेत, पलसाण्याला, कापड रंगवायची. ऑफिस माळ्यावर. खाली कापड सुकवायचं मशीन, त्यामुळे ऐन नोव्हेंबरात पायाखालची फरशी गरम. एक खिडकी, एक पंखा, एक दार. शिरपूरला झेरॉक्सच्या दुकानात तीन वर्षं उभ्याने काढलेल्या माणसाला खुर्ची मिळाली की तो राजाच. मी दोनदा उगाच गोल फिरून घेतलं.

मॅनेजर बन्सीलालभाई यांनी अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या हिंदीत काम सांगितलं. नोकरी सोडून गेलेल्या कामगारांच्या फायली पुसायच्या. प्रत्येकाची एक फाईल, तिच्यात तो आत आहे की बाहेर ते लिहिलेलं, आणि खाली शेरा. गेटवरचं अंगठ्याचं मशीन याच फायली बघून माणसाला सोडतं. जुन्या फायली चारशे बारा. फोल्डर रिकामं झालं की रजा, म्हणाले. मी मनात म्हटलं, हे तर डाव्या हाताचं काम.

५ नोव्हेंबर, बुधवार

परवा निघताना चहावाल्या काशीबाईंना "जातो मावशी" म्हणालो, तर बाई रागावल्याच. अमळनेरच्या आहेत. "जास म्हनानं नही भो, येस म्हनानं." अगदी माझ्या आईचा सूर. काल आठवणीने दारात थांबून "येतो" म्हणालो, तेव्हा कुठे हसल्या. परक्या गावात कुणीतरी रागावणारं भेटलं, बरं वाटलं.

चारशे अकरा फायली गेल्या. एक जात नाही. निंबा नावाची. पुसायला गेलं की पाटी येते: परवानगी नाही, ही फाईल बदलायला निंबा यांची परवानगी हवी. हा निंबा म्हणे माझ्याआधी याच खुर्चीवर होता. दोन वर्षांपूर्वी सोडून गेला. आता त्याला कुठे हुडकू?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळे उपाय केले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, सेफ मोडमध्ये नेला, फाईलचं नाव बदलून पाहिलं. आज नवीनच पाटी: ही फाईल दुसरीकडे उघडी आहे. नेटवर्कची वायर काढली, तरी उघडीच. कुठे उघडी आहे? मिलमध्ये दुसरा कॉम्प्युटरच नाही.

वाचायला मात्र उघडते. तीनच नोंदी: निंबा. आत. शेरा, येतो.

काशीबाईंना विचारलं. त्यांनी किटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो त्यांना येतो म्हणाला, जिना उतरला, डबा राहिला म्हणून परत वर गेला. खाली येताना कुणी पाहिला नाही. गेटच्या मशीनवर त्याचा अंगठाही उमटला नाही. घरचे दोनदा येऊन चौकशी करून गेले.

बन्सीलालभाईंना मी ती एक फाईल राहू द्या म्हणालो. त्यांनी रजेचा अर्ज सही न करता टेबलावर ठेवला.

१० नोव्हेंबर, सोमवार

जमलं! फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलो, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. तिथे मालकाचं नाव असतं. निंबाचं काढून माझं घातलं. कॉम्प्युटरने विचारलं, मालकी घ्यायची का? मी हो म्हटलं. मग डिलीट, आणि फाईल गेली.

त्याच क्षणी जिन्यावरून कुणीतरी धडधड उतरत गेलं. खिडकीतून पाहिलं तर अंगणात कुणी नाही. काशीबाई तेवढ्या गेटकडे बघत उभ्या, हातातली किटली तिरकी, चहा सांडत होता.

रजा मंजूर. शनिवारी निघायचं. खुशीत दोनदा "येतो" म्हणालो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फोल्डरमध्ये एक फाईल. सुशांत.

सुशांत म्हणजे मी. आत. शेरा, येतो. वेळ कालची, मी निघालो तेव्हाची. मी लिहिलेली नाही. पुसायला गेलो तर पाटी: ही फाईल बदलायला सुशांत यांची परवानगी हवी.

नीलमला फोनवर सांगितलं. ती खूप हसली, म्हणाली मग द्या की परवानगी. मीही हसलो. मालक म्हणून माझंच नाव आहे, तरी कॉम्प्युटर मला माझीच परवानगी मागतोय. फोन ठेवल्यावर हसू आलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल संध्याकाळी गेटच्या मशीनने अंगठा घेतला नाही. वॉचमनने हाताने गेट उघडून दिलं. मिलच्या बसमध्ये बसलो, माझ्या खोलीकडचा उधन्याचा रस्ता सुरू झाला, जरा डोळा लागला. उघडला तो या खुर्चीत. खिडकीत सकाळचं ऊन.

थकवा असेल. काल जेवलो नव्हतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चालत निघालो. हायवेपर्यंत पोचलो, ट्रकचा धूर नाकात गेला, एवढं आठवतं. मग खुर्ची.

काशीबाई चहा घेऊन वर आल्या. माझ्यासमोर उभ्या राहून मला हाका मारत होत्या. मी ओ देत होतो. कप ठेवला नाही, घेऊन गेल्या.

१५, शनिवार

गाडीची वेळ गेली.

आता कळलं. शेरा बदलायला हवा. 'येतो' खोडून 'जातो' लिहायचं, एवढंच. जो येतो म्हणाला तो अजून यायचाच आहे, मशीन त्याला सोडणार कसं? बोट दुखेपर्यंत टाईप केलं. परवानगी नाही. परवानगी नाही. मोठ्याने ओरडलो, जातो, जातो! पण ते निघताना म्हणावं लागतं — आणि निघता येत नाही —

१६, रविवार

फोन लागला. माझा आवाज जात नाही, तिकडचा येतो. बायका गाणी म्हणत होत्या. कुणीतरी विचारलं, जावई कुठेत. नीलम म्हणाली, येतो म्हणालेत, येतीलच. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग ओटी भरली. मी ऐकत होतो. मग फोनचं चार्जिंग —

तारीख दिसत नाही

फरशी गरम. मशीन चालू आहे.
ही रोजनिशीही पुसता येत नाही. दुसरीकडे उघडी आहे म्हणे.

तारीख नाही

माझ्या खुर्चीवर कुणी बसलंय. बाई आहे. धनश्री, बन्सीलालभाई हाक मारत होते. भिंतीवर नवं कॅलेंडर. पुन्हा दिवाळी होऊन गेली. म्हणजे बाळ — उभं राहत असेल आता. मुलगा की मुलगी —

तिच्या पडद्यावर माझी फाईल. ती सेफ मोड करून बघतेय. हुशार आहे.

पुढचा दिवस

प्रॉपर्टीज. सिक्युरिटी. मालकाचं नाव काढतेय. सांगायला हवं तिला — बाई, हात काढा — आणि निघताना जाते म्हणा —

तिच्या पर्समध्ये एका लहान मुलाचा फोटो आहे.

नीलमही वाट बघतेय.

तिने हो दाबलं. आता फक्त डिलीट — दाबलं! पाय हलतायत माझे. जिना दिसतोय. पण गेटवर मशीन — आत एक माणूस लागतो त्याला — ती पर्स उचलतेय. दारात थांबली, मागे वळली. काशीबाईंनी शिकवलंय तिला. म्हण बाई. म्हण ना, ये —